झाडांची हजेरी आणि गायरानाचा प्रश्न

संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘वृक्षारोपण आणि हवामानबदल’ या विषयावर अभ्यासलेख लिहावा, असे संपादक मंडळाने आम्हास सुचविले. विषय खरे तर विज्ञानाच्या सहकाऱ्यांचा. आम्ही इतिहासाचे शिक्षक. तरीही हे काम आमच्याकडे का आले, हे माजी विद्यार्थ्यांना सांगावे लागणार नाही. शाळेतील झाडांची हजेरी घेणारे गुरुजी म्हणूनच अनेकांना आम्ही आठवतो.

पालकांसाठी ही हजेरी काय आहे ते थोडक्यात सांगतो. धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला की इयत्ता नववीचा वर्ग शिंप्याची टेप आणि वही घेऊन आवारात निघतो. प्रत्येक झाडाला क्रमांक आहे. जमिनीपासून १३७ सेंटिमीटर उंचीवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीला, खोडाचा घेर मोजायचा आणि वहीत लिहायचा. झाड उभे असेल तर ‘हजर’. नसेल तर ‘गैरहजर’, आणि पुढे कारण : शेळी, वणवा, वाळवी, पाणी नाही, रस्त्यात गेले. ही प्रथा एका फजितीतून सुरू झाली, आणि त्या फजितीचे धनी आम्हीच होतो. त्या वर्षी ५ जूनला जागतिक पर्यावरण दिनाचे निमित्त साधून आम्ही आवारात तीनशे खड्डे घेतले, पाहुणे बोलाविले, छायाचित्रे काढली. मराठवाड्यात ५ जूनला पाऊस कोठे असतो? निम्मी रोपे तेथेच सुकली. उरलेल्यांपैकी बहुतेक पुढच्या मे महिन्यात गेली, कारण उन्हाळ्याच्या सुटीत वसतिगृह रिकामे होते, मुले गावी जातात आणि बादलीभर पाणी घालायला कोणी उरत नाही. दुसऱ्या वर्षी मोजली तेव्हा एकेचाळीस रोपे जिवंत होती. भिंतीवरच्या फलकावर मात्र ‘३०० वृक्षांचे रोपण’ असेच लिहिलेले होते. तो फलक आम्ही स्वतः उतरविला.

आता विषयाकडे वळू. झाडे लावल्याने हवेतील कार्बन साठविला जातो आणि तापमानवाढीला आळा बसतो, असे आपण सर्वजण ऐकतो. हे खरे आहे. प्रश्न आहे तो किती खरे आहे याचा. झाड पानांवाटे हवेतील कार्बन डायऑक्साइड घेते, सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्यातील कार्बनचे लाकूड, मुळे, पाने करते आणि प्राणवायू सोडते. सुक्या लाकडाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कार्बनचा असतो. एक किलो कार्बन म्हणजे हवेतला ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड. एवढी दोन माहिती असली की आठवीतला विद्यार्थीही हिशेब करू शकतो.

विहिरीजवळचा कडुनिंब घ्या. पहिल्या तुकडीने लावलेला हा वृक्ष आज पंचवीस वर्षांचा आहे; त्याचा घेर यंदा एक मीटर भरला. खोड, फांद्या आणि मुळे धरून त्याचे सुके वजन ढोबळमानाने चारशे किलो धरू. त्यात कार्बन दोनशे किलो. म्हणजे या झाडाने पंचवीस वर्षांत हवेतून जवळपास पाऊण टन कार्बन डायऑक्साइड ओढून घेतला. मुलांनी हा आकडा काढला तेव्हा टाळ्या वाजविल्या. मग आम्ही त्यांच्यापुढे वसतिगृहाचे वीजबिल ठेवले. महिन्याला सुमारे एक हजार युनिट. आपल्याकडची वीज मुख्यतः कोळशावर होते. एका युनिटमागे सुमारे सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हजार युनिटांना सातशे किलो. कडुनिंबाची पंचवीस वर्षांची कमाई आपण एका महिन्यात दिवे, पंखे आणि पाण्याच्या मोटारीवर खर्च करतो. वर्गात शांतता पसरली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “मग गुरुजी, झाड लावायचे की दिवा बंद करायचा?” या लेखाचा निम्मा भाग तिच्या प्रश्नात आला.

जगाचा हिशेब याच चालीने जातो. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. १९५८ साली हवाई बेटांवरील मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते ३१५च्या आसपास होते. आज ते ४२०च्या पुढे गेले आहेत. कोळसा, तेल आणि वायू जाळून मनुष्यजात दरवर्षी सुमारे ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडते. समुद्र आणि जमिनीवरील वनस्पती मिळून आपल्या एकूण उत्सर्जनाचा साधारण निम्मा भाग शोषून घेतात. उरलेला साठत जातो. भारताने २०१५ साली जगाला असे वचन दिले की २०३०पर्यंत वने आणि वृक्ष वाढवून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड एवढा जादा साठा करू. वचन मोठे आहे. परंतु आपला देश आज एका वर्षात सुमारे तीन अब्ज टन सोडतो, हा आकडा त्याच्या शेजारी लिहून पाहावा.

आणखी एक भेद विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून द्यावा लागतो. चंद्रपूर-वणीचा दगडी कोळसा हीसुद्धा एके काळची झाडेच. पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी ती दलदलीत गाडली गेली आणि त्यांच्यातला कार्बन भूगर्भात कुलूपबंद झाला. आपण ते कुलूप काढले. आजचे झाड कार्बन साठविते खरे, पण ते उभे असेपर्यंतच. वणवा लागला, वाळले, तोडून चुलीत घातले, की तो पुन्हा हवेत. कोट्यवधी वर्षांची ठेव मोडायची आणि तिची भरपाई पन्नास वर्षांच्या, तीही कोणी सांभाळली तर टिकणाऱ्या, ठेवीने करायची, असा हा व्यवहार आहे. झाडाला दोष नाही. कडुनिंबाच्या सावलीत एप्रिलच्या दुपारी वर्ग भरतो. पत्र्याच्या खोलीत भरत नाही. झाड माती धरते, पाणी मुरविते, पाखरांना घर देते. एवढ्या कारणांसाठी ते लावावेच. फक्त कोळशाचे देणे फेडण्याचे ओझे एकट्या झाडावर टाकू नये.

आमच्या समाजाला वृक्षाचे महत्त्व कोणी नव्याने शिकवावे असे नाही. तथागतांचा जन्म, संबोधी आणि महापरिनिर्वाण हे तिन्ही प्रसंग वृक्षांच्या सान्निध्यात घडले, हे येथील पाचवीचा विद्यार्थीही सांगेल. संयुत्तनिकायातील वनरोप सुत्तात उपवने लावणारे, पूल बांधणारे, पाणपोया आणि विहिरी करणारे यांचे पुण्य रात्रंदिवस वाढते, असा आशय आहे. लक्षात घ्यावे की तेथे झाड एकटे येत नाही; पूल, पाणी, निवारा यांच्या सोबतीने, लोकोपयोगी कामांच्या ओळीत येते.

हीच ओळ सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात दिसते. हा लेख केवळ टोपरा येथील स्तंभावर आहे. फिरोजशाह तुघलकाने तो दिल्लीस आणला, आणि आज तो फिरोजशाह कोटल्यात उभा आहे. सम्राट सांगतो की रस्त्यांवर वड लावले ते पशू आणि माणसांना सावली मिळावी म्हणून. आमराया लावल्या, विहिरी खोदल्या, विश्रामस्थाने केली. भाषणांतून येथपर्यंतचा भाग नेहमी सांगितला जातो. पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. पुढे तो म्हणतो की या सोयी तशा लहानच आहेत, पूर्वीच्या राजांनीही त्या केल्या. आपण त्या केल्या त्या लोकांनी धम्माने वागावे म्हणून. ज्याने एवढी झाडे लावली त्यानेच वृक्षारोपणाला डोक्यावर घेतले नाही, हे आमच्यासारख्या फलक रंगविणाऱ्यांनी वाचण्यासारखे आहे.

इतिहासाचा शिक्षक म्हणून दुसरी बाजूही सांगणे प्राप्त आहे. त्याच अशोकाच्या तेराव्या शिलालेखात, कलिंगाचा पश्चात्ताप व्यक्त करताना, अटवींना म्हणजे रानात राहणाऱ्या जनांना इशारा आहे : सम्राटाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्या हाती सामर्थ्य आहे. आम्ही अशोकाचे ऋणी आहोत; म्हणून हा मजकूर झाकावा असे आम्हास वाटत नाही. राज्यकर्ता झाडे लावतो तेव्हा त्या जमिनीवर आधीपासून राहणाऱ्या माणसांशी तो काय बोलतो, हा प्रश्न निदान तेवीसशे वर्षे जुना आहे.

महाराष्ट्रातील एक शिलालेख मात्र आमच्या विशेष आवडीचा आहे. जुन्नरच्या लेण्यांत आडुथुम नावाच्या शक उपासकाचे दान कोरलेले आहे. त्याने एका श्रेणीकडे, म्हणजे कारागीर-व्यापाऱ्यांच्या संघाकडे, वीस निवर्तने जमीन करंजाच्या झाडांसाठी आणि नऊ निवर्तने वडाच्या झाडांसाठी लावून दिली. निवर्तन हे तेव्हाचे जमिनीचे माप. बारकावा पाहा : रोपे वाटून तो निघून गेला नाही. उत्पन्नाची सोय लावली आणि जबाबदार संस्था नेमली. दूरदेशाहून आलेल्या उपासकाला अठराशे वर्षांपूर्वी जे कळले, ते ५ जूनला तीनशे खड्डे घेताना आम्हास कळले नव्हते. श्रीलंकेतील अनुराधपूरचा महाबोधीही याच कारणाने बावीसशेहून अधिक वर्षे उभा आहे. संघमित्रा थेरींनी बोधिवृक्षाची फांदी तेथे नेली, आणि तिच्या निगेसाठी अशोकाने माणसेही सोबत पाठविली, असे महावंस सांगतो. माणसाने लावलेल्या आणि लावल्याचा काळ ज्ञात असलेल्या वृक्षांत हा सर्वांत जुना मानला जातो. दरम्यान राज्ये बदलली, राजधानी ओस पडली; राखणदार मात्र राहिले.

येथे एक लहानशी दुरुस्ती. पर्यावरणरक्षणाचे कलम बाबासाहेबांनी घटनेत घातले, असे जयंतीच्या भाषणांत आम्ही अनेकदा ऐकतो. ४८-अ आणि ५१-अ ही कलमे १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आली. बाबासाहेबांचे मोठेपण एवढे आहे की त्याला उसन्या कलमांची गरज नाही. त्यांनी चवदार तळ्यावर जो प्रश्न विचारला तो याहून मूलगामी आहे : निसर्गाने दिलेल्या वस्तूवर हक्क कोणाचा?

तोच प्रश्न आज गायरानावर उभा आहे. १९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला तेव्हापासून देशात दर पावसाळ्यात रोपे लागत आहेत. आपल्या राज्यात १ जुलै २०१६ रोजी दोन कोटी रोपांचा संकल्प झाला आणि पुढच्या वर्षांसाठी पन्नास कोटींचे लक्ष्य ठेवले गेले. एवढी रोपे लावायला जमीन लागते. ती बागाईतदाराच्या उसातून येत नाही. ती येते ‘पडीक’ या शिक्क्याखालून. आणि महसुली दप्तरात पडीक किंवा गायरान म्हणून नोंदलेल्या जमिनीवर कोण कसतो, हे या स्मरणिकेच्या वाचकांना आम्ही सांगण्याची गरज नाही. आपल्यापैकी अनेकांचे वडील, आजोबा तेथेच ज्वारी पेरत आले.

नव्या पिढीसाठी चार तारखा मात्र लिहून ठेवतो. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पुढे ६ डिसेंबर १९६४ रोजी, महापरिनिर्वाण दिनी, देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. त्याच्या मागण्यांत संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावण्याची मागणी होती, तशीच पडीक जमीन भूमिहीनांना देण्याचीही. लाखो माणसे तुरुंगात गेली. त्यांत लेकरे कडेवर घेतलेल्या आमच्या आया-बहिणी होत्या. तैलचित्र लागले. जमिनीचे घोंगडे भिजत राहिले. २८ नोव्हेंबर १९९१च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील भूमिहीन मागासवर्गीयांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. तरी असंख्य कुटुंबांची नावे आजही सातबाऱ्यावर नाहीत. ती आहेत गाव नमुना १-ई मध्ये, अतिक्रमणाच्या नोंदवहीत. २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे निर्देश दिले. त्याच निकालात शासनाच्या आदेशाने भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद नमूद आहे. कार्यालयांतून पहिला भाग वाचला जातो. दुसरा भाग आपण वाचून दाखवावा लागतो.

हे सर्व येथे लिहिण्याचे कारण घरचे आहे. शाळेच्या पूर्वेला जे गायरान आहे त्यातील बारा एकरांवर रौप्यमहोत्सवानिमित्त पाच हजार झाडे लावावीत, असा प्रस्ताव एका दात्याकडून संस्थेपुढे आला आहे. रोपे, खड्डे, तारेचे कुंपण यांचा सर्व खर्च ते करणार. बदल्यात झाडांत साठणाऱ्या कार्बनचे क्रेडिट दीर्घ मुदतीच्या कराराने त्यांच्या नावे राहणार. त्या बारा एकरांवर आठ कुटुंबे ज्वारी आणि तूर घेतात. त्यांपैकी तिघांची मुले आज आपल्या वसतिगृहात आहेत. दोघे स्वतः या शाळेचे माजी विद्यार्थी आहेत. नमुना १-ई मध्ये नावे असलेली ही माणसे कुंपणाच्या बाहेर गेली, की चाळीस वर्षांचा ताबा एका पावसाळ्यात पुसला जाईल. पुढे कोणत्याही सुनावणीत ‘येथे वृक्षलागवड आहे’ एवढेच दिसेल.

प्रस्तावकांचा हेतू वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी जमिनीचा कागद पाहिला; त्यावर माणसे दिसली नाहीत.

गायरानाचा उरलेला भाग उघडा माळ आहे. तेथेही झाडे दाटीने लावू नयेत, असे आमचे मत आहे. उघडा माळ म्हणजे उजाड झालेले जंगल, ही समजूत इंग्रजी अमदानीपासून चालत आली. अलीकडे संशोधकांनी जुन्या मराठी वाङ्मयातील वनस्पतींचे उल्लेख तपासून दाखविले आहे की पश्चिम महाराष्ट्रातील असे गवताळ, काटेरी झुडपांचे माळ साडेसातशे वर्षांपूर्वीही होते. लीळाचरित्राच्या भाषेत वनस्पतिशास्त्राचा पुरावा सापडावा, याचा आम्हा इतिहासवाल्यांना मनस्वी आनंद झाला. गवत आपला बराचसा कार्बन जमिनीखाली, मुळांत आणि मातीत ठेवते. वणवा लागला तरी तो तेथे बऱ्याच अंशी टिकतो. यंत्राने माळ खणून ओळीने झाडे लावली तर तो साठा विस्कटतो, मेंढपाळाची चराई जाते आणि माळावरची पाखरे जातात.

माणसांना हटविल्याशिवाय झाडे वाढत नाहीत, हेही खरे नाही. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क ग्रामसभेचा, म्हणून राखण ग्रामसभेची. बांबू विकून गावाला उत्पन्नही होते. तेथे खड्डे मोजावे लागत नाहीत.

संस्थेच्या कार्यकारिणीकडे आम्ही आमचे मत लेखी दिले आहे. पाच हजार झाडांऐवजी आठही कुटुंबांच्या बांधांवर, ती सांगतील ती झाडे लावावीत. आम्ही घरोघर जाऊन विचारले. हादगा, सीताफळ, बोर, शेवगा आणि हौदाजवळ दोन वड अशी मागणी आली. सगळी मिळून दोनशे होतात. एका आजींनी करंज नको म्हणून सांगितले. त्याच्या सावलीत तूर धरत नाही, असा त्यांचा अनुभव आहे. जुन्नरचा शिलालेख आमच्या मनात होता, तरी करंज यादीतून काढला. रोपांच्या आधी मे महिन्याच्या पाण्याची तरतूद असावी, आणि या कुटुंबांचे नियमितीकरणाचे अर्ज संस्थेने माजी विद्यार्थ्यांतील वकिलांच्या मदतीने पुढे न्यावेत, असेही त्यात आहे. छतावर सौर पॅनेल बसविले तर वीजबिलाच्या त्या सातशे किलोंपैकी मोठा भाग दरमहा वाचेल. मागच्या बाकावरच्या मुलीला तेवढे उत्तर तरी देता येईल.

दोनशे झाडांचा कार्बन पाच हजारांपेक्षा पुष्कळ कमी भरेल, हे दात्यांना आम्ही स्पष्ट सांगितले आहे. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही. स्मरणिका छापखान्यात जात असताना कार्यकारिणीचा निर्णयही व्हायचा आहे. ही सभा महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहा वाजता, ग्रंथालयात आहे. माजी विद्यार्थी आणि पालक यांना तेथे बोलण्याची मुभा आहे. त्या आठ कुटुंबांनाही रीतसर निमंत्रण गेले आहे.

सभेपूर्वी, सात वाजता, नववीचा वर्ग नेहमीप्रमाणे हजेरीला निघेल. आपापल्या तुकडीचे झाड शोधायचे असेल त्यांनी यावे. क्रमांकांचे पत्रे काही ठिकाणी गळून पडले आहेत, तेव्हा जागा आठवत असल्यास सांगावी. वही क्रमांक तीन या वर्षी भरली. चौथी आणून ठेवली आहे.